गराजमध्ये वितळणारा बर्फ: पाणी आहे तोवरच काढायचं

ऑक्टोबर २०२२ मध्ये आईबाबा आमच्याकडे मिनिआपोलिसला सहा महिन्यांसाठी आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा गराजमध्ये जमिनीकडे बघत उभे होते. म्हणाले, "ह्याला ढाळ कुठल्या अंगाला आहे गं?" मला सांगता येईना. घर घेऊन चार वर्षं झाली होती, पण मी तिथे फक्त गाडी लावत होते. "मग बादलीभर पाणी ओत बघू." ओतलं. निम्मं पाणी मोठ्या दाराकडे गेलं, थोडं डाव्या भिंतीशी जाऊन थांबलं आणि उरलेल्याचं तळं झालं, घरात यायच्या पायरीपासून दोन पावलांवर. बाबांनी मुलाच्या पेटीतला खडू आणला आणि तळ्याच्या कडेने रेघ मारून ठेवली.

त्या हिवाळ्यात ट्विन सिटीजमध्ये, म्हणजे मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत, ९०.३ इंच बर्फ पडला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो तिसऱ्या क्रमांकाचा हिवाळा. एरवीची सरासरी पन्नास इंचांच्या आसपास असते. डिसेंबरात एका सकाळी आई कचऱ्याची पिशवी टाकायला गराजमध्ये गेली आणि बरोबर त्या खडूच्या रेघेच्या आत घसरली. आदल्या संध्याकाळी मी ते पाणी पाहिलं होतं. उद्या काढू म्हणून तसंच ठेवलं होतं. रात्रीत त्याची काच झाली. मनगटाच्या हाडाला चीर गेली, आणि पुढचे सहा आठवडे आईला वेणी घालायलाही दुसऱ्याचा हात लागला.

आमच्या गावी, चिपळूणला, पूर ओसरला की माणसं आधी चिखल काढतात, तो ओला असतानाच. जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत सगळ्यांनी हेच केलं. ओला चिखल फावड्याने आणि पाण्याच्या धारेने निघतो, वाळला की कुदळ लागते. गराजमधल्या बर्फाच्या पाण्याचंही तसंच आहे. पाणी आहे तोवर ते रबरी वायपरने दहा मिनिटांत निघतं. गोठलं की माणसं पडतात. आणि आपोआप वाळू दिलं तर पाणी जातं, मीठ मागे राहतं. पुढचं सगळं लिखाण त्या दहा मिनिटांविषयी आहे, आणि ती पाच मिनिटांवर कशी आणायची याविषयी. माझे आकडे मिनेसोटातल्या थंडीचे आहेत. विस्कॉन्सिन, मिशिगन, ऑन्टारियो किंवा अल्बर्टात राहणाऱ्यांना थोडाफार फरक करून तेच चालतील.

पाणी येतं किती, आणि त्यात असतं काय

ताज्या बर्फाचा ढोबळ हिशोब दहाला एक असा धरतात: दहा इंच बर्फ वितळला की एक इंच पाणी. गाडीचं टप आणि बॉनेट मिळून पाच चौरस मीटर धरा. त्यावर सहा इंच बर्फ तसाच ठेवून गाडी आत आणली, तर पाऊणशे लिटर पाणी झालं. म्हणजे चार-पाच बादल्या. प्रत्यक्षात वाटेत थोडा उडून जातो, पण तो मागच्या गाडीच्या काचेवर जातो, तेव्हा त्या भरवशावर राहू नये.

हे वरचं पाणी निदान स्वच्छ असतं. खरा त्रास खालच्या पाण्याचा. चाकांच्या वरच्या कमानीत रस्त्यावरचा चिखलबर्फ थापला जातो. राखाडी, घट्ट, हातात घेतला तर दगडासारखा जड. एकदा मी चारही चाकांचे गोळे पाडून एका बादलीत रात्रभर तळघरात ठेवले. सकाळी साडेअकरा लिटर गढूळ पाणी आणि तळाशी दोन मुठी वाळू. ते पाणी ओतून दिल्यावर बादलीच्या आतून जी पांढरी कड उमटली, ती नखाने खरवडता येत होती. तेच मीठ रोज संध्याकाळी जमिनीवर पडतं.

रस्त्यांवर मुख्यतः साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड टाकतात. साधारण १५ अंश फॅरेनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली ते फारसं काम करत नाही, म्हणून कडक थंडीत त्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात. हे दोन क्षार हवेतली ओल ओढून घेतात. पुसूनही गराजची जमीन चिकट, ओलसर राहते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच.

काँक्रीटचं नुकसान कसं होतं तेही समजून घ्या, म्हणजे घाई कशाची आहे ते कळेल. पाणी काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि वरचा थर आतून ढकलतं. वितळतं, पुन्हा शिरतं, पुन्हा फुगतं. गाडीच्या गरम इंजिनामुळे आणि घराच्या भिंतीमुळे जोडगराजमध्ये, म्हणजे घराला लागून असलेल्या गराजमध्ये, हे चक्र उघड्या अंगणापेक्षाही जास्त वेळा फिरू शकतं. मिठामुळे ते थांबत नाही. उलट पाण्यात तीन टक्क्यांच्या आसपास मीठ असताना पृष्ठभागाचे पापुद्रे सर्वांत जास्त सुटतात, असं या विषयातल्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. चाकांच्या जागी जमीन खडबडीत होऊन आतली खडी दिसायला लागली असेल, तर ते हेच.

पायरी १: बर्फ पडायच्या आधी जमीन ओळखा

हे काम ऑक्टोबरात करा, पाणी ओतलं तर वाळेल इतकी ऊब असताना.

गराज रिकामं करा, झाडा, आणि बाबांसारखं पाणी ओता. घराच्या बाजूने सुरुवात करून दोन-तीन ठिकाणी प्रत्येकी एक बादली. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना संहितेत गराजच्या जमिनीला गाडीच्या दाराकडे किंवा आतल्या नाल्याकडे उतार हवा असं म्हटलेलं आहे, आणि गवंडी सहसा फुटाला एक अष्टमांश ते पाव इंच ढाळ देतात. पण घरं खचतात, खालची माती गोठते-वितळते, आणि दहा-पंधरा वर्षांत ढाळ हरवतो. पाणी ज्या खळग्यांत थांबेल त्यांच्याभोवती खडूने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. हिवाळाभर वायपर सगळ्यात आधी तिथेच न्यायचा आहे.

भिंतींच्या तळाकडेही बघा. जिप्समच्या तक्त्याची भिंत थेट जमिनीला टेकलेली असेल तर ती वातीसारखं पाणी वर ओढते. आमच्या डाव्या भिंतीला गुडघ्याखाली पांढरा लोणा आला होता आणि मी तो कित्येक महिने रंगाचा दोष समजत होते. तिथे सिलिकॉनची सलग रेघ भरली की निम्मं काम झालं. पुठ्ठ्याची खोकी जमिनीवरून उचला. भारतातून आणलेल्या बॅगा, पुस्तकं, गणपतीच्या मखराचं सामान, जे काही गराजमध्ये ठेवलं असेल ते निदान चार इंच उंच फळीवर हवं.

मग मोठ्या दाराच्या तळाची रबरी पट्टी. दिवसा दार बंद करून आतून बघा, उजेड दिसला की तिथून वारा आणि बर्फाची भुकटी आत येणार. पट्टी कडक झाली असेल, तडकली असेल तर बदला; ती खाचेत सरकवायची असते, दोघांचं तासाभराचं काम. इथे एक इशारा. बाजारात दाराखाली जमिनीला चिकटवायचा रबरी उंबरठा मिळतो. बाहेरचं पाणी तो छान अडवतो, पण आतलंही अडवतो. ढाळ दाराकडे असलेल्या गराजमध्ये असा उंबरठा लावला की दाराच्या आत लांबलचक तळं तयार होतं. माझ्या मते बाहेरून पाणी आत येत असेल तरच तो लावावा.

शेवटी, जमिनीवर चार थेंब पाणी टाकून पाच मिनिटं थांबा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर काँक्रीट बंद आहे. गडद डाग पडून आत जिरले तर उघडं आहे आणि त्याला पाणी अडवणारा सीलर हवा. सीलरचं पुढे एप्रिलच्या कामांत सांगते. घर नवं असेल, काँक्रीट त्याच वर्षी घातलेलं असेल, तर पहिल्या हिवाळ्यात त्यावर बर्फ वितळवणारं कुठलंही मीठ मुद्दाम टाकू नका.

पायरी २: गाडी आत घेण्याआधीची तीन मिनिटं

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा आहे, आणि सगळ्यात जास्त आळसही इथेच होतो. बाहेर उणे पंधरा, मुलं मागे भुकेलेली, दाराचं बटण हाताशी. तरी थांबा. आत आल्यावर जे पाणी होईल, ते बाहेर असताना अजून बर्फ आहे आणि झटकला की पडतो.

दाराजवळ, पण बाहेरच्या बाजूला, दोन वस्तू कायमच्या टांगून ठेवा: फोमचं लांब दांड्याचं झाडणं आणि रबरी हातोडा. झाडण्याने आधी टप, मग बॉनेट, मग मागचा बंपर. टपावरचा बर्फ सकाळी निघतानाच काढलेला असायला हवा. तो पाण्याचा प्रश्न नंतर, आधी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मग चाकं. कमानीतल्या गोळ्याला रबरी हातोड्याने किंवा बुटाच्या टाचेने खालच्या अंगाने हलका ठोका द्या. गाडी नुकतीच थांबलेली असेल तर गोळा सैल असतो आणि एका ठोक्यात अख्खा निसटतो; धप्प असा आवाज येतो आणि मन हलकं होतं. दहा मिनिटांनी तोच गोळा प्लॅस्टिकच्या अस्तराला चिकटून बसतो. मग जोर लावू नका, थंडीत ते अस्तर ठिसूळ होतं आणि तुटतं. लोखंडी फावडं किंवा पहार तर कधीच नको. पडलेले गोळे फावड्याने ड्राइव्हवेच्या कडेला सारा. गाडीच्या वाटेत सोडले तर सकाळी त्यांचेच दगड झालेले असतात.

पायांचंही पाणी मोजा. चार माणसांचे बूट कमी पाणी आणत नाहीत. घरात शिरायच्या पायरीशी एक कडा असलेला रबरी ट्रे ठेवा, बूट तिथेच काढायचे. आई आली की चपला घालूनच गराजमध्ये जायची. तिच्यासाठी आम्ही तळाला खाचा असलेले, वाकावं न लागता पाय सरकवता येतील असे बूट पायरीपाशीच ठेवले. पाहुणे भारतातून यायचे असतील तर हे आधी आणून ठेवा.

पायरी ३: मॅट घ्यायची तर हिशोब करून

कडेला इंचभर उंच काठ असलेली मोठी मॅट गाडीखाली अंथरायची, पाणी तिच्यातच राहतं. कल्पना चांगली आहे आणि मी ती वापरते. पण विकणारे जे सांगतात ते सपाट जमिनीसाठी खरं असतं.

आठ बाय सोळा फुटांची मॅट आणि एक इंच काठ. सपाट जमिनीवर त्यात सुमारे ३०० लिटर पाणी मावेल. आता तुमच्या जमिनीला फुटाला एक अष्टमांश इंच ढाळ आहे असं धरा. पाणी खालच्या टोकाला जमतं. तिथे इंचभर चढलं की काठावरून वाहतं, आणि त्या वेळी वरच्या आठ फुटांत थेंबही नसतो. खालच्या आठ फुटांत पाचरीच्या आकाराचं पाणी असतं, त्याचा हिशोब सुमारे ७५ लिटरचा. ढाळ पाव इंच असेल तर त्याच्याही निम्मं. म्हणजे मोठ्या बर्फाच्या आठवड्यात, दोन फेऱ्यांत मॅट भरते. घेताना दाराकडचा काठ जास्त उंच असलेली मिळते का ते बघा, आणि घेतली म्हणून पाणी काढणं चुकत नाही हे धरून चाला. मॅटचा खरा उपयोग हा की मीठ काँक्रीटला लागत नाही आणि पाणी एका जागी सापडतं.

मॅट पातळ नको. खिळे असलेले टायर किंवा चाकाखालची खडी तिला भोकं पाडते, मग खारं पाणी खाली जाऊन तिथेच महिनोन् महिने राहतं, दिसत नाही म्हणून कोणी काढत नाही. महिन्यातून एकदा गाडी बाहेर काढून मॅटचा एक कोपरा उचला. खाली ओल दिसली तर तिला दोन दिवस दोरीवर टाकल्यासारखी फळीवर लटकवा.

मॅट परवडत नसेल किंवा आवडत नसेल, तर मांजराच्या पेटीतली मातीची खडी किंवा लाकडाचा भुसा लोक सुचवतात. पावलाला पकड मिळावी म्हणून मूठभर टाकायला ठीक. चार बादल्या पाण्यावर टाकलात तर त्याचा चिखल होतो आणि काम दुप्पट होतं.

पायरी ४: पाणी काढणं

संध्याकाळी गाडी लावल्यावर लगेच काढायला गेलात तर निम्मा बर्फ अजून गाडीलाच असतो. माझ्याकडे जेवण झाल्यावर, झोपायच्या आधीची वेळ बसली आहे. तोवर दोन-तीन तासांत बरंच वितळलेलं असतं आणि अजून गोठलेलं नसतं.

साधनं दोनच. एक, दोन फुटी पात्याचा रबरी वायपर. काँक्रीट खडबडीत असेल तर काळ्या फोमचा घ्या, कडक रबर उंचसखल जागी पाणी सोडून जातं. दुसरं, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, बारा गॅलनच्या आसपासचा. पाणी ओढण्याआधी त्याचा कागदी फिल्टर काढा आणि फोमची बाही चढवा. कागदाचा फिल्टर एका फेरीत लगदा होतो.

रोजचा क्रम असा:

१. आधी खडूच्या रेघांतले खळगे, मग पायरीपुढची जागा, मग बाकीचं. माणसं चालतात ती वाट पहिल्यांदा कोरडी झाली पाहिजे.

२. बाहेर हवा गोठणबिंदूच्या वर असेल किंवा ड्राइव्हवेवर ऊन असेल, तर दार उघडून वायपरने पाणी सरळ बाहेर ढकला आणि दाराखालची जागा पुसून घ्या.

३. बाहेर कडाका असेल तर ढकलू नका. ते पाणी दारापुढे फुटभर जाऊन गोठतं आणि सकाळी तिथे घसरगुंडी असते. अशा रात्री वायपरने एका जागी गोळा करून व्हॅक्यूमने ओढा.

४. व्हॅक्यूम जीएफसीआय प्लगलाच (धक्का बसायच्या आत वीज तोडणाऱ्या प्लगला) लावा, वायर पाण्यातून ओढत नेऊ नका. बारा गॅलन म्हणजे ४५ लिटर, आणि तेवढंच किलोंत वजन. एक तृतीयांश भरला की रिकामा करा, पाठ वाचेल.

५. जमिनीवर पेट्रोलचा वास येत असेल किंवा इंद्रधनुषी तवंग दिसत असेल तर व्हॅक्यूम अजिबात लावू नका, त्याच्या मोटरची ठिणगी पुरते. तिथे शोषून घेणारी माती टाका, दार उघडा, आणि गळती कुठे आहे ते दाखवून घ्या.

आठवड्यातून एकदा, जरा ऊबदार दुपारी, बादलीभर कोमट साध्या पाण्याने चाकांची जागा धुऊन तेही ओढून घ्या. पांढऱ्या डागांसाठी व्हिनेगर वापरा असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो आंधळेपणाने घेऊ नका. मीठ साध्या पाण्यात विरघळतं, त्याला आम्ल लागत नाही, आणि आम्ल काँक्रीटलाच खातं. पाण्याने न जाणारा पांढरा थर असेल तर तो काँक्रीटमधूनच वर आलेला चुन्याचा लोणा असू शकतो. तो कोरडा असताना ताठ ब्रशने घासा, मग धुवा.

पायरी ५: वाळवणं, आणि जिवावर बेतणारी एक चूक

पुसल्यावर उरलेली ओल हवेनेच जायची. कडक थंडीत दार उघडं ठेवणं उलटं वाटतं, पण उणे १० सेल्सिअसच्या हवेत घनमीटरला जेमतेम दोन ग्रॅम बाष्प मावतं, तर १० अंशांच्या हवेत नऊ ग्रॅमच्या वर. ती कोरडी हवा आत घेऊन थोडी कोमट झाली की ओल भराभर उचलते. पाणी पुसून झाल्यावर दार दहा मिनिटं उघडा, पंखा जमिनीच्या दिशेने लावा, मग बंद करा. घरातला नेहमीचा डिह्युमिडिफायर थंड गराजमध्ये उपयोगी नाही, त्याच्या नळ्यांवरच बर्फ धरतो. थंडीत चालणारा वेगळ्या प्रकारचा मिळतो, तो शोषक पदार्थाच्या चाकावर चालतो, पण महाग आहे. मला कधी लागला नाही.

आता चूक. बर्फ लवकर वितळावा म्हणून काही जण गाडी गराजमध्ये चालू ठेवतात, दार उघडं आहे ना म्हणून. कृपा करून हे करू नका, एक मिनिटही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि जोडगराजमधून तो दाराच्या फटींतून घरात शिरतो. दुरून गाडी चालू करायचं बटण असेल तर गाडी आत असताना ते दाबायचं नाही, हा नियम मुलांनाही सांगा. मिनेसोटात झोपायच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत याचा अलार्म असणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आज रात्री त्याचं बटण दाबून तो वाजतो का बघा.

धुराडं नसलेल्या प्रोपेनच्या हीटरचंही तेच, शिवाय तो वाळवतच नाही. एक किलो प्रोपेन जळलं की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ऊब येते, आणि थोड्या वेळाने खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायला लागतं.

गराज कायम तापवायचा विचार असेल तर गाडीचाही विचार करा. गोठलेलं मीठ पत्र्याला फारसं खात नाही. ऊब आणि ओल मिळाली की गंज जोरात चढतो. तापवलेल्या गराजमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी गोठणबिंदूच्या वरच्या प्रत्येक दिवशी गाडीचं पोट धुऊन घ्यावं.

पायरी ६: ते पाणी टाकायचं कुठे

कुंपणाच्या झाडांना नको, हिरवळीला नको. सदाहरित झाडांचे शेंडे वसंतात तपकिरी होतात त्यात मिठाचा मोठा वाटा असतो. विहिरीचं पाणी पीत असाल तर तिच्या जवळपासही नको, आणि सेप्टिक टाकी असेल तर तिच्यातही नको. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीतही ओतू नका; ते पाणी शुद्ध न होता थेट तळ्यात जातं. मिनेसोटाचं प्रदूषण नियंत्रण खातं एक हिशोब सतत सांगतं: एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं खराब करायला पुरतं. कायमचं, कारण क्लोराइड पाण्यातून आपोआप निघून जात नाही.

आम्ही व्हॅक्यूमचं पाणी दहा-पंधरा मिनिटं बादलीत स्थिर ठेवतो. वाळू तळाशी बसते. वरचं पाणी कपडे धुवायच्या खोलीतल्या मोठ्या सिंकमध्ये, जे शहराच्या मलवाहिनीला जोडलेलं आहे. खालचा गाळ वर्तमानपत्रावर घेऊन कचऱ्यात. गाळासकट ओतलंत तर सिंकखालचा बाक तुंबतो. शुद्धीकरण केंद्रालाही मीठ काढता येत नाही, म्हणून खरा उपाय मिठाचं प्रमाण कमी करण्याचाच. स्वतःच्या ड्राइव्हवेसाठी त्याच खात्याचं माप लक्षात ठेवा: वीस फुटी ड्राइव्हवेला कॉफीचा एक मग मीठ पुरतं. बहुतेक घरी त्याच्या कितीतरी पट टाकतात आणि तेच चाकांना लागून आत येतं.

गराजमध्येच मोरीसारखा नाला असेल तर तो कुठे जातो हे आधी शोधा. काही जुन्या घरांत तो नुसता मातीत सोडलेला असतो. शहराच्या बांधकाम विभागात घराची कागदपत्रं बघायला मिळतात.

गोठलंच तर

आतल्या बर्फावर मीठ टाकू नका, ते फक्त उद्याचं खारं पाणी आहे. आधी वाळू टाकून चालायची वाट सुरक्षित करा. मग दुपारी, गराज थोडं उबदार झालं की, प्लॅस्टिकच्या रुंद खरवडणीने कडेपासून सुटं करत या. लोखंडी फावड्याने ठोकलंत तर बर्फासोबत काँक्रीटचा पापुद्राही येतो.

दाराची पट्टी जमिनीला गोठून चिकटली असेल तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. एकतर पट्टी फाटते, नाहीतर मोटरचे दाते झिजतात. दार बंद असतानाच दाराच्या मोटरपाशी लोंबणारी लाल दोरी ओढून मोटर सोडवा, पट्टीच्या कडेने केस वाळवायचं यंत्र फिरवत जा (यंत्र आणि वायर पाण्यापासून लांब धरून), प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच सोडवा आणि मग हाताने दार उचला. स्प्रिंग तुटलेली दिसली तर हात लावू नका, दाराचं सगळं वजन अंगावर येतं. उकळतं पाणी ओतू नका. ते अर्ध्या तासात दुप्पट बर्फ होऊन परत चिकटतं. सुटल्यावर पट्टी आणि जमीन कोरडी पुसून पट्टीवर सिलिकॉनचा फवारा मारा. पेट्रोलियमवालं तेल किंवा ग्रीस रबर फुगवतं, म्हणून ते नको.

एप्रिलची कामं

रस्ते धुतले गेले, रात्री गोठायचं थांबलं की सगळं सामान बाहेर काढा. मॅट दोन्ही बाजूंनी धुवा. जमीन आधी कोरडी झाडा; जी वाळू आणि मीठ हाती येतं ते डब्यात भरून पुढच्या वर्षी वापरा. मग साबणाचं कोमट पाणी, ताठ ब्रश, आणि दोनदा साध्या पाण्याने खळाळून. भिंतीच्या तळाशी धार मारू नका.

खळगे भरायचे तर उन्हाळ्यात, काँक्रीट दुरुस्तीच्या मसाल्याने. त्याआधी सुटलेले पापुद्रे छिन्नीने ठक्क आवाज येईपर्यंत काढा, पोकळ थरावर घातलेला मसाला पहिल्याच हिवाळ्यात उचलतो. आमचा पायरीजवळचा खळगा बाबांनी व्हिडिओ कॉलवर बघत बघत माझ्याकडून भरून घेतला. "अजून बोटभर पसरव, कडेला पातळ कर," असं दीड तास. आई मागून विचारत होती, झालं का एकदाचं.

वर इपॉक्सीचा चकचकीत थर द्यायचा की आत जिरणारा सीलर, हा प्रश्न सगळे विचारतात. इपॉक्सी दिसतो छान, पुसायला सोपा, पण ओला झाला की निसरडा. त्यात वाळूचे कण मिसळून घेतले नाहीत तर वयस्कर माणसांच्या घरात मी देणार नाही. शिवाय खालून ओल येत असेल तर तो सुटतो. तपासायला दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने जमिनीला लावा आणि निदान सोळा तास ठेवा. खाली थेंब किंवा गडद डाग दिसला तर इपॉक्सी नको. आमच्याकडे डाग दिसला. म्हणून सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचा सीलर मारला: तो दिसत नाही, वरचं खारं पाणी आत जाऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर सोडतो. नवं काँक्रीट असेल तर २८ दिवस झाल्यावरच मारा. सप्टेंबरात, आधी-नंतर कोरडे दिवस बघून मारला तर उत्तम. काही वर्षांनी थेंब पुन्हा जिरायला लागले की दुसरा हात.

खडूची रेघ धुतली गेली तरी फोटो ठेवा. ऑक्टोबरात पुन्हा बादली ओता आणि तुलना करा. आमचा जुना खळगा भरला, पण गेल्या वर्षी पाणी एक फूट उजवीकडे, दाराच्या रुळाशी थांबायला लागलं आहे. तिथे आता नवी रेघ आहे.